हशा कुणाच्या नावावर?

1922 साली न्यूयॉर्कच्या कोर्टात एक विलक्षण बचाव मांडला गेला. एड गॅलघर आणि अल शीन ही विनोदी जोडी तेव्हा शहरात गाजत होती. नाट्यनिर्माता फ्लोरेन्झ झिगफेल्डच्या 'फॉलीज' या कार्यक्रमात ते दोघं एक सवाल-जवाबी गाणं म्हणत. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि प्रत्येक कडव्यात दोघांनी एकमेकांना आडनावाने, अदबीने हाक मारायची. गाण्याच्या तबकड्या धडाक्याने खपत होत्या. अशात शूबर्ट बंधू या बलाढ्य नाट्यव्यावसायिकांनी दावा लावला की, या दोघांचा करार आमच्याशी झालेला आहे, त्यांना झिगफेल्डकडे उभं राहता येणार नाही. पण नटाला दुसऱ्याच्या रंगमंचावर जाण्यापासून रोखायचं, तर त्याची कला असामान्य आहे, त्याच्या जागी दुसरा कुणी चालणार नाही, हे दाखवून द्यावं लागे. शूबर्टांचे वकील म्हणू लागले की हे दोघं थोर कलावंत आहेत. त्यावर गॅलघर आणि शीन यांचा बचाव असा की आमच्यात असामान्य असं काही नाही, आमच्यासारखे इतरही मिळतील.

रोज रात्री हजारोंच्या टाळ्या घेणाऱ्यांनी दिवसा शपथेवर स्वतःला सामान्य ठरवून घ्यायचं! नटाचा अहंकार केवढा असतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या बचावाची किंमत कळेल. पण याहून मोठी गंमत पुढे आहे. त्याआधी काही वर्षं हीच जोडी एकमेकांशी बोलतही नव्हती. 1914च्या सुमारास भांडून ते वेगळे झाले होते. 1920मध्ये शीनची बहीण मिनी मध्ये पडली आणि तिने दोघांना पुन्हा एकत्र आणलं. (ही मिनी म्हणजे मार्क्स बंधूंची आई.) कोर्टात खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले हे दोघं 1925मध्ये पुन्हा फुटले, ते कायमचे.

अमेरिकेतल्या व्हॉडव्हिलचा इतिहास अशा जोड्यांनी भरलेला आहे. त्या जुळल्या कशा, याच्या कथा सुरस आहेतच. मात्र त्या फुटल्या कशा, हे पाहू लागलं की बहुतेक ठिकाणी दोनच कारणं हाती लागतात : पैसा आणि प्रेम. वरवर ते खरंही आहे. पण त्याच्या मुळाशी एक जुना वाद असतो. दोघांनी मिळून पिकवलेल्या हशाचा सातबारा कुणाच्या नावावर? प्रश्न विचारणाऱ्याच्या, की उत्तर देणाऱ्याच्या? जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन या जोडीने या प्रश्नाचं जे उत्तर काढलं, ते पस्तीस वर्षं टिकलं. म्हणून या लेखात मुक्काम त्यांच्याकडे.

दुकानदारी हास्याची

व्हॉडव्हिल म्हणजे एका तिकिटात आठ-नऊ 'आयटम'. कसरतपटू, गायिका, शिकवलेले कुत्रे किंवा सील, जादूगार, एखादं छोटं नाटुकलं आणि मधूनमधून विनोदी जोड्या. 1881मध्ये टोनी पास्टरने न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर बायकामुलांनाही बसता येईल असा स्वच्छ कार्यक्रम सुरू केला. पुढे बोस्टनच्या बी. एफ. कीथने आणि त्याचा उजवा हात एडवर्ड ॲल्बी याने या खेळाची साखळी उभारली. 1906पासून त्यांचं बुकिंग ऑफिस नटांना कामं देऊ लागलं आणि मिळालेल्या पैशातून पाच टक्के कापू लागलं. नटाच्या एजंटाचा वाटा वेगळाच. ऑफिसशी वाकडं आलं, तर गावोगावची थिएटरं एकदम बंद. विनोदात अश्लील शब्द आला, तर मॅनेजर पहिल्याच खेळानंतर तो काढायला लावी, आणि आयटम पडला तर नटाला गाशा गुंडाळायला सांगे.

या बाजारात दोघांच्या जोडीला मागणी फार. कारण अगदी व्यवहारी होतं. जोडीला नेपथ्य लागत नसे. रस्त्याचं चित्र रंगवलेला एक पडदा पुढे सोडायचा, त्याच्यापुढे दोघांनी उभं राहून बोलायचं, आणि तेवढ्यात पडद्यामागे पुढच्या आयटमचं सामान लावून घ्यायचं. दोघांचा खर्च म्हणजे दोन रेल्वे तिकिटं आणि दोन सूट. म्हणून ही जोडगोळी व्हॉडव्हिलमध्ये स्वस्तात मिळे आणि सगळीकडे चाले.

या जोडीत एक 'कॉमिक' असतो आणि दुसरा 'स्ट्रेट मॅन'. कॉमिक वेडं बोलतो. स्ट्रेट मॅन शहाण्यासारखा विचारतो, चकित होतो, चिडतो, पुन्हा विचारतो. आपल्या तमाशातली बतावणी पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. सोंगाड्याच्या उत्तरावर हशा येतो, पण समोर त्याला नेमक्या वेळी, नेमक्या शब्दांत छेडणारा कुणी नसेल, तर त्याचं उत्तर हवेतच राहतं. कवलापूरचे काळू-बाळू तर जुळे भाऊच होते. तिथे भागीदारी जन्माबरोबरच आलेली. अमेरिकेतल्या जोड्यांना मात्र ती बाजारात शोधावी लागे, आणि मग वाटणीचा प्रश्न उभा राही.

तिथला एक रिवाज आज ऐकायला चमत्कारिक वाटतो. अनेक जोड्यांत स्ट्रेट मॅनचा वाटा मोठा असे. साठ त्याला, चाळीस कॉमिकला. हसवणारे ढीगभर मिळतात, पण हशा पुरता उमलेपर्यंत थांबून मग पुढचा प्रश्न टाकणारा दुर्मीळ, हा त्यामागचा हिशेब. बर्लेस्कच्या रंगमंचावरून आलेल्या बड ॲबट आणि लू कॉस्टेलो यांची सुरुवातीची वाटणी अशीच, ॲबटला साठ आणि कॉस्टेलोला चाळीस. सिनेमात दोघांचं नाव झालं आणि लोक गोल-गुबगुबीत कॉस्टेलोसाठी तिकीट काढतात हे दिसू लागलं, तेव्हा कॉस्टेलोने वाटणी फिरवून मागितली. पैशाचा वाद म्हणून ही हकीकत सांगितली जाते. पण त्यातला खरा प्रश्न मालकीचा आहे. तो विचारत होता, लोक हसतात ते कुणाला?

नेवार्कची पहिली रात्र

जॉर्ज बर्न्स म्हणजे मूळचा नेथन बर्नबाऊम. जन्म 20 जानेवारी 1896, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधला. बारा भावंडांतला नववा. वडील सणावारी सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाण्याचं काम करीत. मुलगा सात वर्षांचा असताना ते वारले. पोरगा मिठाईच्या दुकानात सरबताचा पाक करायला लागला आणि तिथल्याच पोरांना घेऊन फेरीबोटींवर आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चौघांचं गाणं म्हणू लागला. पुढची जवळजवळ वीस वर्षं तो अपयशी होता, आणि हे तोच कौतुकाने सांगत असे. नावं बदलली, जोडीदार बदलले, एका सीलबरोबरही काम केलं. एका नर्तकीचे आईबाप अविवाहित मुलीला दौऱ्यावर सोडेनात म्हणून त्याने तिच्याशी लग्नच लावलं. दौरा संपला, लग्नही संपलं. ही हकीकत त्याने आयुष्यभर विनोद म्हणून सांगितली. व्हॉडव्हिलमध्ये लग्न आणि धंदा यांच्यातली भिंत किती पातळ होती, हेही तिच्यातून कळतं.

ग्रेसी ॲलन सॅन फ्रान्सिस्कोची, आयरिश कॅथलिक घरातली. वडील स्वतः नाचगाणी करणारे. तिचा एक डोळा निळा होता आणि दुसरा हिरवा. लहानपणी हात भाजल्याचे व्रण होते म्हणून ती आयुष्यभर लांब बाह्यांचे कपडे घालत आली. बहिणींबरोबर ती रंगमंचावर आली आणि नंतर लॅरी रायली नावाच्या नटाच्या मंडळीत आयरिश पोरीची भूमिका करू लागली. जाहिरातीत आपलं नाव येत नाही, 'आणि मंडळी' यातच आपली बोळवण होते, म्हणून तिने ती नोकरी सोडली. हा तपशील ध्यानात ठेवण्यासारखा आहे. भोळीभाबडी म्हणून पुढे जगाने जिला डोक्यावर घेतलं, तिने आपल्या नावासाठी हातचं काम सोडलं होतं. न्यूयॉर्कमध्ये ती टायपिंग-शॉर्टहँड शिकत होती, तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीबरोबर न्यू जर्सीतल्या एका थिएटरच्या विंगेत गेली. तिथे जॉर्जची तेव्हाची जोडी मोडण्याच्या बेतात होती.

1923च्या सुमारास नेवार्कच्या हिल स्ट्रीट थिएटरमध्ये दोघं पहिल्यांदा उभे राहिले. मानधन म्हणाल, तर दिवसाला पाच डॉलर. संहिता जॉर्जने लिहिली होती, आणि विनोद लिहिणारा नट करतो तेच त्याने केलं होतं. सगळी हसवणारी वाक्यं स्वतःला आणि साधे प्रश्न ग्रेसीला. तो रंगीत, झोकदार कपडे घालून आला होता. खेळ सुरू झाला. ग्रेसीने पहिला प्रश्न विचारला आणि प्रेक्षक खुदकन हसले. प्रश्नात हसण्यासारखं काही नव्हतं. तिच्या विचारण्यात होतं. ती इतक्या मनापासून विचारी की लोकांना तिच्याबद्दल माया वाटली. त्यावर जॉर्जने आपला ठेवणीतला विनोद टाकला, तर सभागृह शांत.

पुढचा खेळ सुरू होण्याआधी त्याने काही वाक्यांची अदलाबदल केली. पुढच्या काही दिवसांत जवळजवळ सगळी. हसवणारी वाक्यं तिला, प्रश्न स्वतःला. ऐकायला सोपं वाटतं. पण वीस वर्षं हशासाठी वणवणलेल्या माणसाने, हशा येतोय हे दिसल्यावर, तो दुसऱ्याच्या नावावर करून द्यायचा, हे सोपं नाही. जॉर्जच्या साऱ्या कर्तबगारीत मला हे सगळ्यांत मोठं वाटतं. प्रेम पुढे आलं, पैसा त्याहून पुढे आला. वाटणी मात्र त्या आठवड्यातच झाली होती.

एकदा हे ठरल्यावर जॉर्जने स्ट्रेट मॅनचं काम एखाद्या कारागिराच्या बारकाईने केलं. प्रेक्षकांचा ग्रेसीवर इतका जीव की तिला कुणी तोडून बोललेलं त्यांना खपत नसे. रंगमंचावर जाण्याआधी तो हवेचा झोत कुठून येतो हे पाहून घेई, कारण त्याच्या सिगारचा धूर तिच्या तोंडावर गेला, तर सभागृह त्याच्यावर नाराज होईल. तिच्या विनोदाचं व्याकरणही त्याने ओळखलं होतं. तेव्हा 'मूर्ख पोरगी' हा ठरीव साचा रंगमंचावर होताच. ग्रेसी त्यात बसत नव्हती. तिला आपण मूर्ख आहोत हे ठाऊकच नसे. तिच्या जगात प्रत्येक गोष्टीला तर्क होता, फक्त तो आपल्या तर्काच्या शेजारच्या गल्लीतून जाई.

तार आणि मुदत

या धंद्यात प्रेम शिरलं ते एकतर्फी. जॉर्ज तिच्यात गुंतला होता. ग्रेसीचं लग्न मात्र बेनी रायन या नावाजलेल्या नाच-गाण्याच्या कलावंताशी ठरल्यासारखं होतं. तो गीतकारही होता आणि जॉर्जहून कितीतरी यशस्वी. ग्रेसीने त्याच्याशी लग्न केलं असतं, तर ती त्याच्या जोडीला उभी राहिली असती, आणि जॉर्जच्या हातून एकाच वेळी प्रेयसी आणि पोटाचं साधन दोन्ही गेलं असतं. म्हणून त्याच्या प्रेमात किती प्रेम आणि किती धास्ती, हे सांगणं अवघड आहे. बहुधा त्यालाही ते सांगता आलं नसतं.

तेव्हा ते 'डिसअपॉइंटमेंट ॲक्ट' म्हणून दिवस काढत होते. कुठे एखादा नट आजारी पडला, कुणाचा आयटम पडला, की फोन येई आणि हे दोघं बॅग उचलून धावत. अशात पश्चिमेकडच्या ऑर्फियम साखळीचा दौरा मिळाला, आणि ग्रेसीचं लग्न पुढे ढकललं गेलं. दौऱ्यात सॅन फ्रान्सिस्कोला तिला अपेंडिक्सचा त्रास झाला. इस्पितळात पडल्या पडल्या तिने जॉर्जला सांगितलं, बेनीला तार कर. जॉर्ज ती तार करायला 'विसरला'. बेनीकडून ना फुलं आली, ना चौकशी. जॉर्जने मात्र तिची खोली फुलांनी भरून टाकली. ही गोष्ट त्यानेच पुढे मिटक्या मारत सांगितली. आज वाचताना हसू येतं आणि लगेच मनात खटकतंही. एका आजारी मुलीच्या वतीने दुसऱ्याने परस्पर निर्णय घेतला होता.

1925चा नाताळ जवळ आला. जॉर्जने निर्वाणीचं सांगितलं की, ठराविक दिवसांत माझ्याशी लग्न कर, नाहीतर जोडी मोडली. प्रेमाची मागणी आणि धंद्याची नोटीस त्याने एकाच कागदावर लिहिल्यासारखं हे होतं. नाताळच्या मेजवानीत तो सांताक्लॉज झाला होता. ग्रेसीने दिलेल्या भेटीवर 'प्रेमाने' असं लिहिलेलं पाहून तो तिला लागेल असं बोलला. ती रडत निघून गेली. पहाटेच्या सुमारास तिचा फोन आला, ती लग्नाला तयार होती. जॉर्जने सांगितलेलं तिचं कारण खास ग्रेसीचंच आहे. तिला रडवणारा तो एकटाच मुलगा, तेव्हा तिचं प्रेम त्याच्यावरच असणार.

7 जानेवारी 1926 रोजी क्लीव्हलंडला लग्न झालं. लग्न लावणाऱ्या न्यायाधीशाला मासे धरायला जायची घाई होती. बाहेर उभ्या टॅक्सीचं मीटर फार पुढे सरकायच्या आत सगळं आटोपलं. दोघं त्याच गावात खेळ करायला आले होते, त्यामुळे मधुचंद्र म्हणजे रंगमंचच.

लँब चॉप्स

लग्नाबरोबर नशीबही फळफळलं. अल बोसबर्ग या विनोदलेखकाच्या मदतीने बसवलेला 'लँब चॉप्स' हा आयटम 1926मध्ये न्यूयॉर्कच्या जेफर्सन थिएटरमध्ये गाजला आणि कीथ साखळीचा कित्येक वर्षांचा करार हाती आला. 1929मध्ये व्हायटाफोन कंपनीने त्याचा बोलका लघुपट काढला. फ्रेड ॲलन आजारी पडल्याने ती संधी यांना मिळाली. म्हणजे डिसअपॉइंटमेंट ॲक्टची सवय तिथेही कामी आली.

हा लघुपट आज घरबसल्या पाहता येतो, आणि जोडीच्या विनोदाचा धडा म्हणून तो पाहावाच. दोघं दिवाणखान्यात शिरतात आणि काहीतरी शोधू लागतात. खुर्च्या, टेबल, कोपरे सगळीकडे पाहतात. शेवटी जॉर्जला सापडतं, ते प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहतात. शोधत होते ते प्रेक्षकांनाच. मग प्रश्नोत्तरं. त्यातला नावाजलेला विनोद असा. तो विचारतो, तुला प्रेम आवडतं का, चुंबन आवडतं का, आणि तिला एकही गोष्ट आवडत नाही. मग आवडतं तरी काय, तर लँब चॉप्स. दोन मोठे चॉप्स एकटी खाशील? ती म्हणते एकटे कसे, बटाट्यांबरोबर खाईन. विनोद म्हणून हे आज जुनं वाटेल. पण जॉर्जच्या चेहऱ्याकडे पाहा. तो प्रत्येक प्रश्न विचारून अर्धा क्षण थांबतो, उत्तर आल्यावर पापणीही न हलवता हशा वर चढू देतो, आणि तो उतरायला लागला की तो पुरता विरायच्या आत पुढचा प्रश्न टाकतो. साठ टक्क्यांचा रिवाज का पडला असेल, हे तेव्हा कळतं.

या जोडीची पैशाची खरी परीक्षा मात्र 1931मध्ये झाली. ब्रॉडवेवरच्या पॅलेस थिएटरमध्ये एडी कँटर आणि जॉर्ज जेसेल या बड्या नटांबरोबर हे दोघं झळकत होते. पॅलेस म्हणजे व्हॉडव्हिलचं पंढरपूर. कँटरचा रेडिओवरचा कार्यक्रम देशभर ऐकला जाई. त्याने आपल्या कार्यक्रमात ग्रेसीला बोलावलं, एकटीला. जॉर्ज नको होता. त्याचे प्रश्न कँटरच विचारणार होता.

स्ट्रेट मॅनसाठी याहून मोठा अपमान नसेल. त्याच्या जागी दुसरा चालतो, एवढंच यातून सिद्ध होत होतं. गॅलघर आणि शीन यांनी कोर्टात स्वतःबद्दल जे म्हटलं, ते इथे जॉर्जबद्दल बाजार म्हणत होता. तो चिडला असेल, नसेल. त्याने ग्रेसीला पाठवलं, आणि कँटरने विचारायचे प्रश्नही स्वतः लिहून दिले. कार्यक्रम गाजला. पुढच्याच वर्षी, 1932मध्ये, गाय लोम्बार्डोच्या वाद्यवृंदाच्या रेडिओ कार्यक्रमात दोघांनाही जागा मिळाली. त्याच वर्षी पॅलेसमधला निव्वळ व्हॉडव्हिलचा खेळ बंद पडून तिथे सिनेमा आला. ज्या रंगमंचाने ही जोडी घडवली, तो मिटत असताना ती रेडिओच्या नावेत चढलेली होती.

ज्यांचं जमलं नाही

इतरांचं काय झालं, ते आता पाहू. जो वेबर आणि लू फील्ड्स हे लोअर ईस्ट साइडचे दोन पोरगे लहानपणापासून एकत्र होते. एक बुटका, पोटाला उशी बांधून गोल केलेला, दुसरा उंच. तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलणारे दोन जर्मन परदेशी अशी त्यांची सोंगं होती, आणि उंच गडी बुटक्याचा गळा आवळी तेव्हा हशाचा कहर होई. 1896मध्ये त्यांनी ब्रॉडवेवर स्वतःचं म्युझिक हॉल काढलं. लिलियन रसेलसारखी तेव्हाची सर्वांत मोठी नटी त्यांच्याकडे आली. पण हॉल आलं की भाडं आलं, पगार आले, आणि पैसा कशावर घालायचा हा वाद आला. 1904मध्ये, लहानपणापासूनची भागीदारी मोडली. निरोपाच्या खेळाला प्रेक्षक रडले. पुढे आठ वर्षांनी, फील्ड्सच्या वडिलांच्या अंत्यविधीच्या निमित्ताने अबोला सुटला आणि 1912मध्ये दोघं पुन्हा एकत्र उभे राहिले. पैशाने तोडलेलं नातं एका मरणाने जोडलं. आपल्याकडच्या भाऊबंदकीतही असे प्रसंग घडतात.

गॅलघरचा शेवट मात्र वाईट झाला. दुसऱ्या फुटीनंतर त्याला संसारातल्या कोर्टकचेऱ्यांनी आणि मनाच्या आजाराने घेरलं. 1929मध्ये तो एका आरोग्यधामात वारला. अल शीन पुढे वीस वर्षं जगला, सिनेमातल्या छोट्या भूमिका करत राहिला आणि 1949मध्ये गेला. लोक त्याला ओळखत, ते त्या गाण्यातला अर्धा माणूस म्हणून.

आणि आपल्याकडे ज्याला पोरंटोरं 'जाड्या-रड्या'मधला रड्या म्हणून ओळखतात, त्या स्टॅन लॉरेलची पहिली जोडी फारशी कुणाला माहीत नसते. ऑलिव्हर हार्डी भेटण्याआधी तो व्हॉडव्हिलमध्ये मे डालबर्ग या ऑस्ट्रेलियन नटीबरोबर काम करी. दोघं एकत्र राहतही. लग्न होऊ शकत नव्हतं, कारण तिचा नवरा ऑस्ट्रेलियात होता. 'लॉरेल' हे आडनाव त्याला सुचवलं ते तिने. सिनेमात त्याचं बस्तान बसू लागलं, पण प्रत्येक चित्रपटात आपल्यालाही भूमिका हवी, हा तिचा आग्रह निर्मात्यांना जड जाऊ लागला. 1925च्या सुमारास जो रॉक या निर्मात्याने तिला रोख रक्कम आणि ऑस्ट्रेलियाचं एकेरी तिकीट देऊन बोटीवर बसवलं. पुढे स्टॅनचं नाव झाल्यावर ती परतली आणि तिने पोटगीचा दावा लावला. तो कोर्टाबाहेर मिटला. प्रेम, पैसा आणि जोडी, तिन्हीचा निकाल तिथे एका जहाजाच्या तिकिटावर लागला होता. तिने दिलेलं आडनाव मात्र तिच्याशिवायच अजरामर झालं.

या सगळ्यांच्या रांगेत जो स्मिथ आणि चार्ली डेल यांनाही बसवायला हवं. दुसऱ्याच कुणासाठी छापलेली नावाची कार्डं स्वस्तात मिळाली, म्हणून त्यांनी ती नावं घेतली, आणि ती जोडी सत्तर वर्षांहून जास्त टिकली. त्यांच्यात ना प्रेमप्रकरण होतं, ना हॉल. वाटून घेण्यासारखं फारसं काही नसणं, हाही टिकण्याचा एक मार्ग असावा.

संसार, पडद्यावरचा आणि पडद्यामागचा

रेडिओवर बर्न्स आणि ॲलन सुरुवातीला चेष्टामस्करी करणारे अविवाहित तरुण-तरुणी होते. चाळिशीच्या दशकाच्या सुरुवातीला श्रोते कमी होऊ लागले, तेव्हा चूक जॉर्जनेच ओळखली. लग्न झालेली, दत्तक मुलं असलेली ही दोघं अजून प्रियाराधनाचं सोंग करत होती. त्याने दोघांना कार्यक्रमातही नवरा-बायको करून टाकलं आणि घडी पुन्हा बसली. ऑक्टोबर 1950मध्ये ते टेलिव्हिजनवर आले. गोष्टीच्या मध्येच जॉर्ज चौकट ओलांडून प्रेक्षकांशी बोलू लागे, सिगार ओढत बायकोच्या भानगडींवर टीका करी. निर्मितीची कंपनी त्याची, लेखकांची बैठक त्याची, पैशाचा व्यवहार त्याचा. ग्रेसीने यायचं, भूमिका करायची आणि घरी जायचं.

याच काळातला एक प्रसंग जॉर्जने स्वतः सांगितला आहे. टेबलावर ठेवायची एक महागडी चांदीची शोभेची वस्तू ग्रेसीला हवी होती. त्याने ती महाग म्हणून नाकारली आणि दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. त्या तिरमिरीत त्याचा दुसऱ्या एका बाईशी अगदी थोडक्या वेळाचा संबंध आला. मनाला टोचणी लागली. ग्रेसीला ते समजलं आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने निमूटपणे ती वस्तू घरी आणली. दोघांपैकी कुणी एक शब्द काढला नाही. बऱ्याच वर्षांनी ग्रेसी एका मैत्रिणीला म्हणाली की जॉर्जने पुन्हा एकदा फसवावं, टेबलासाठी नवीन काहीतरी हवं आहे. ज्या बाईच्या तोंडी तो आयुष्यभर वाक्यं घालत आला, तिने हे वाक्य स्वतःचं म्हटलं होतं, आणि त्याच्या कुठल्याही संहितेतल्या वाक्याहून ते धारदार होतं.

तिचं काम दिसायला सोपं, करायला अवघड होतं. तर्काला धरून नसलेली उत्तरं पाठ करणं फार कठीण, कारण एक वाक्य दुसऱ्याला धरून येत नाही. आठवड्यामागून आठवडे ती अशी पानंच्या पानं पाठ करी. अर्धशिशी होती, पुढे हृदयाचाही त्रास सुरू झाला. तिला थांबायचं होतं. 1958मध्ये ती थांबली. जॉर्जने त्याच मंडळींना घेऊन स्वतःच्या एकट्याच्या नावाने कार्यक्रम काढला. तो एका हंगामातच बंद पडला. तीच नेपथ्यं, तेच लेखक, तोच सिगार. प्रश्न होते, उत्तर देणारी नव्हती. नेवार्कच्या प्रेक्षकांनी पस्तीस वर्षांपूर्वी त्याला जे सांगितलं होतं, तेच आता सबंध देशाने सांगितलं.

27 ऑगस्ट 1964 रोजी ग्रेसी गेली.

मागे राहिलेला भागीदार

या लेखातल्या किती गोष्टी जॉर्ज बर्न्सच्या तोंडून आल्या आहेत, हे वाचकाच्या ध्यानात आलंच असेल. न पाठवलेली तार, नाताळचं रडू, घाईतला न्यायाधीश, चांदीची वस्तू, सगळं त्याने सांगितलं. ग्रेसीने आत्मचरित्र लिहिलं नाही. बेनी रायनने आपली बाजू मांडल्याचं कुठे वाचनात नाही. मे डालबर्गची गोष्टही आपल्याला स्टॅनच्या चरित्रांच्या समासातच भेटते. भागीदारीचा हिशेब शेवटी मागे राहिलेला भागीदार लिहितो, आणि हा भागीदार तर व्यवसायाने गोष्टी रंगवून सांगणारा. विनोदासाठी त्याने तारखा, रकमा, संवाद सावरून घेतले असणार, यात शंका नको. तरीही त्याच्या सांगण्यात एक गोष्ट बदलत नाही. सगळं श्रेय ग्रेसीचं, हे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. यात खरी कृतज्ञता आहे. स्ट्रेट मॅनची सवयही आहे. हशा समोरच्याला देऊन टाकायचा आणि आपण शहाणे ठरायचं.

1972मध्ये नील सायमनने 'द सनशाइन बॉईज' हे नाटक लिहिलं. वर्षानुवर्षं अबोला धरलेली व्हॉडव्हिलची एक म्हातारी जोडी, आणि तिला टेलिव्हिजनच्या एका कार्यक्रमासाठी पुन्हा एकत्र आणण्याची खटपट. जोडी उभारताना सायमनपुढे स्मिथ आणि डेल होते. त्यांच्यातला कडवट अबोला मात्र गॅलघर आणि शीन यांच्याकडून आला. त्यावरच्या चित्रपटात या जोडीतल्या अल लुईसची भूमिका जॅक बेनी करणार होता. डिसेंबर 1974मध्ये तो वारला आणि भूमिका त्याच्या जिवलग मित्राकडे, जॉर्ज बर्न्सकडे आली. वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्याला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. ज्याची ग्रेसीबरोबरची जोडी कधी मोडली नाही, त्याने मोडलेल्या जोडीतला अर्धा माणूस रंगवून ते मिळवलं, आणि तेही पुन्हा एकदा दुसऱ्याच्या जागी ऐनवेळी उभं राहून.

तो शंभर वर्षं जगला. 9 मार्च 1996 रोजी गेला आणि ग्रेसीच्या शेजारी विसावला. तिथल्या पाटीवर आधी तिचं नाव आहे, मग त्याचं. आता नामावळीत पहिला मान तिचा, असं तो सांगून गेला होता. लोक हे वाचून हळवे होतात, आणि व्हावंही. पण ग्रेसीने पूर्वी एक नोकरी केवळ नावासाठी सोडली होती, हे आठवलं की हिशेब जरा वेगळा दिसतो. थिएटरच्या फलकांपासून टेलिव्हिजनच्या शीर्षकापर्यंत ती जोडी 'बर्न्स आणि ॲलन' होती. हशा त्याने पहिल्याच आठवड्यात तिच्या नावावर करून दिला. पाटीवरचा पहिला मान मात्र तिकीटविक्री कायमची थांबल्यावर दिला.